बंद कपाटातली चकती

पडद्यावरचा आकडा थरथरला, स्थिर झाला, आणि खोलीतली कुजबुज थांबली.

पाच हजार आठशे दहा.

"पोलाद," पिन बनवणाऱ्या कंपनीचे वकील म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण लावून टाकलं. जणू आता लिहिण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"म्हणजे काय झालं?" मागच्या खुर्चीवरून एका बाईनं विचारलं. ती क्रेनवाल्याची बायको. सकाळपासून तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली नव्हती.

सुरक्षा खात्याच्या अधिकारीबाई तिच्याकडे वळल्या. या प्रकरणाची चौकशी त्यांच्याकडे होती. आवाज त्यांचा मुळातच हळू. समोरच्याला थोडं पुढे वाकून ऐकावं लागे.

"म्हणजे तुटलेली पिन चांगल्या पोलादाची होती, असं हे यंत्र म्हणतंय."

"मग तुटली कशी?"

"वजन जास्त उचललं म्हणून," वकील म्हणाले. "दुसरं कारण राहिलंच नाही."

तीन आठवड्यांपूर्वी एका कारखान्यात क्रेनच्या हुकाची पिन तुटली होती. खाली दोन माणसं होती. एक जागीच गेला, दुसऱ्याचा पाय काढावा लागला. क्रेनवाला तेव्हापासून कोठडीत होता. वजन मर्यादेतच होतं, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. पिन कच्ची असेल तर तो सुटणार. पिन चांगली असेल तर माणूस मारल्याचा ठपका त्याच्यावर. उद्या सकाळी अकरा वाजता न्यायालयात या प्रयोगशाळेचा अहवाल वाचला जाणार होता, आणि तो आज सहाच्या आत इथून निघायला हवा होता. दुसरीकडे तपासून घ्यायचं तर पंधरा दिवस.

अडचण एवढीच होती, की तुटलेल्या पिनमधून कापलेली हीच चकती परवा, मंगळवारी, पोलादाची नव्हती.

मंगळवारी दुपारी अधिकारीबाईंना इथूनच फोन आला होता. "बाई, चार हजार सातशे चाळीस. हे बीड आहे, ठिसूळ ओतीव लोखंड. असली पिन क्रेनला लावणाऱ्याला देवसुद्धा माफ करणार नाही." फोन करणारे गृहस्थ या प्रयोगशाळेतले सर्वांत जुने मोजणीदार. धातूचा आवाज ऐकून त्याची जात सांगतात म्हणून सगळे त्यांना कानसेन म्हणत. गंमत अशी, की डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येई. पण ज्या आवाजाशी त्यांचा संबंध होता तो कुणाच्याच कानाला ऐकू येत नाही. तो इतका बारीक असतो.

फोन ठेवताच अधिकारीबाई आल्या होत्या. चकतीवर स्वतःच्या हातानं सुईनं खूण कोरली, ती लोखंडी कपाटात ठेवली आणि दारावर लाखेचं सील केलं. वकिलांना वास लागला. त्यांनी हरकत घेतली, की पहिलं माप ज्यानं घेतलं त्यानं दुसरं घेऊ नये. कानसेनांना यंत्रापासून लांब राहायला सांगण्यात आलं. इथे मापाचा परवाना असलेला दुसरा माणूस एकच होता, तो कानसेनांचा जावई. आजचं माप सगळ्यांसमोर त्यानं घेतलं.

मापाची रीत साधी होती. आधी पेटीतला प्रमाण ठोकळा काढायचा. स्टेनलेसचा, गोल, पंचवीस मिलिमीटर जाड, त्यावर जाडी आणि प्रयोगशाळेचा क्रमांक कोरलेला. त्यातून आवाज आरपार जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते माहीतच असतं. यंत्र त्यावर जुळवायचं. मग तपासायची वस्तू ठेवायची. जाडी माहीत, लागलेला वेळ माहीत, त्यावरून आवाजाचा वेग. आणि वेगावरून वस्तू किती ताठ, किती लवचिक, ताण दिला तर किती ताणेल आणि पुन्हा जागेवर येईल का, हे ती न मोडता कळतं. पोलादात आवाज सेकंदाला पावणेसहा-सहा हजार मीटर धावतो. साध्या बिडात पाच हजारांच्या खालीच अडखळतो.

जावयानं पेटी उघडून चकचकीत ठोकळा काढला होता. यंत्र जुळवायला जरा वेळ लागला, बटण बरंच फिरवावं लागलं, पण जुळलं. मग सरळ लाटेचं माप. मग आडव्या लाटेचं. आडवी लाट पातळ तेलातून पुढे सरकत नाही, म्हणून तिच्यासाठी प्रोबच्या, म्हणजे वस्तूवर टेकवायच्या कांडीच्या, खाली मध लावायचा. तोही लावला, ठोकळ्यावर आणि चकतीवर. दोन्ही मापं एकच सांगत होती.

काम संपलं तसे कानसेन पुढे झाले. सवयीनं त्यांनी ठोकळा उचलला, ओल्या फडक्यानं त्यावरचा मध पुसला. आणि थांबले. तळहातावर ठोकळा घेऊन त्यांनी क्षणभर मागे जावयाकडे वळून पाहिलं. मग त्यांनी तो पेटीत ठेवला, झाकण लावलं आणि कुणाकडेही न बघता आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

अधिकारीबाईंनी ते पाहिलं. तेव्हा त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला लाज वाटली.

•

कपाटाचं सील त्यांनी स्वतः पाहून फोडलं होतं. लाखेला चरा नव्हता. चकतीवरची खूण त्यांचीच. भिंगाखाली धरून पाहिली, सुई जिथे घसरली होती तो बारका फराटासुद्धा जागेवर होता.

चकती तीच. आकडे दोन.

त्या कानसेनांच्या समोर बसल्या.

"मंगळवारी तुम्ही चुकलात?"

"आकडा दिसला तो सांगितला."

"आणि आजचा?"

"तोही दिसला सगळ्यांना."

"दोन्ही खरे कसे असतील?"

कानसेनांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "वय झालं माझं, बाई. लिहा तसं. मोजणीदाराची चूक म्हणून लिहा."

"तुमचा परवाना जाईल."

"जाऊ दे."

"परत मोजायचंय का तुम्हाला? मी वकिलांना गप्प बसवीन."

"नको."

अधिकारीबाई उठल्या, पण ते 'नको' त्यांच्या मनातून जाईना. परवा ज्या माणसानं फोनवर देवाला मध्ये आणलं, तो आज स्वतःच्या नावासाठी एकदा प्रोबसुद्धा उचलायला तयार नव्हता.

•

किल्ल्या आणि नोंदवही नोंदणीबाईंकडे असत. बोलायला त्यांना कारण लागत नसे.

"कपाटाची किल्ली?"

"माझ्या कमरेला. झोपतानासुद्धा. मिस्टर म्हणतात, माझ्यापेक्षा किल्ल्यांशी संसार कर."

"काल, बुधवारी, कपाटापाशी कोण होतं?"

"कुणी नाही. सील बघून सगळे लांबूनच जायचे, साप असल्यासारखे."

"कानसेन?"

"काल आलेच नाहीत. घरीच बसा म्हणालात ना तुम्ही लोक. सतरा वर्षांत पहिली रजा. मंगळवारीच बिनसलं होतं त्यांचं. तुम्हाला फोन करायला असे धावले, की ठोकळा न पुसता पेटीत टाकला, मधासकट. मी म्हटलं, अहो, मुंग्या. तर म्हणाले, मुंग्या मरू देत, इथे माणसं मेलीत."

अधिकारीबाईंनी खाली पाहिलं. यंत्राच्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांमध्ये उभे होते.

"या मुंग्यांसाठी?"

"तर काय. मधाची बाटली वर, ठोकळ्याची पेटी वर. वाट्या काढल्या तर तासात रांग. हे कळायला मला दोन वर्षं लागली आणि मुंग्यांना दोन मिनिटं."

"आज आमच्यानंतर काही मोजलं का?"

"काच. त्या कारखान्याचा दर महिन्याचा तुकडा येतो. दहा वर्षं एकच आकडा, मला तोंडपाठ आहे. आज भलताच वर आला. मी म्हटलं, बापू, काच कधीपासून एवढी पळायला लागली? म्हणाले, नमुनाच बदलला असेल, बाजूला ठेवा, नंतर बघू."

"बापू म्हणजे जावई?"

"जावईबापू. सासऱ्याच्या हाताखाली काम करतात, तेवढं तरी नाव मोठं नको?"

अधिकारीबाईंनी नोंदवही मागितली. ही पिन बाजारात जाण्याआधी तपासली गेली होती, तीही इथेच. मागच्या वर्षीचं पान निघालं. चाळीस पिना, सगळ्या पोलादी, सगळ्या पास. एकाच दिवसाची तारीख. सही जावयाची.

"एक पिन मोजायला किती वेळ?"

"कानसेनांना वीस मिनिटं. बापूंना पंधरा." नोंदणीबाई तारखेवर बोट ठेवून हसल्या. "हा दिवस कसा विसरीन? बाराच्या आधीच दवाखान्यातून निरोप आला. कानसेनांनी स्वतः बापूंच्या हातात गाडीची किल्ली दिली. जा म्हणाले, बाकीचं उद्या करा. संध्याकाळी नात झाली."

•

मागच्या शेडमध्ये कातारी लेथ पुसत होता. आलेल्या वस्तू कापून, घासून मापाजोग्या करायचं काम त्याचं.

"चकती तुम्हीच कापलीत?"

"सोमवारी. तुमच्या शिपायासमोर."

"कापताना कशी वाटली?"

"मला वाटण्याचा पगार नाही बाई. पण चुरा पडत होता. पोलादासारखा कीस निघत नव्हता. मी कानसेनांना म्हटलंही."

"मंगळवारनंतर काय काय केलंत?"

कातारी बोटं मोजू लागला. "दाराची बिजागरी. त्या काचवाल्यांच्या तुकड्याच्या कडा. हां, आणि बुधवारी सकाळी बापूंना कागदांवर ठेवायला वजन करून दिलं. भंगारातला एक गोल तुकडा होता, तो त्यांनी सांगितल्या मापाला कापून साफ केला. पंख्यानं कागद उडतात म्हणाले."

"तुमच्याकडे चांगलं पोलाद काय आहे? खात्रीचं?"

"ही पट्टी." त्यानं बाकावरची जाड, घासून गुळगुळीत झालेली पट्टी दाखवली. "वीस वर्षं हिच्यावर सगळं सरळ करतो. माझ्या बायकोपेक्षा सरळ आहे."

•

जावयाच्या खोलीत पंखा वेगानं फिरत होता. टेबलावर कागदांचा गठ्ठा, त्यावर चहाचा रिकामा मग ठेवलेला. पस्तिशीचा माणूस. दाढी वाढलेली, डोळे जागरणाचे. त्यानं उठून खुर्ची दिली.

"तुमच्या सासऱ्यांचा परवाना जाणार."

"मला कळतंय, मॅडम." त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "पण मी काय करू? सगळ्यांसमोर मोजलं. आकडा मी नाही आणला."

"ते चुकले असं वाटतं?"

"ते कधी चुकत नाहीत. म्हणजे... चुकत नव्हते."

"घरी बोललात?"

"हिला अजून सांगितलेलं नाही. बाबा म्हणजे तिचा देव आहे."

बोलता बोलता अधिकारीबाईंचं लक्ष भिंतीकडे गेलं. खिडकीच्या चौकटीतून मुंग्यांची बारीक रांग उतरत होती. ती टेबलाला वळसा घालून सर्वांत खालच्या खणाच्या फटीत शिरत होती.

"खणात काय ठेवता हो?"

त्यानं वळून पाहिलं. "खोकल्याच्या गोळ्या. कफ झालाय." आणि तो खोकला. थोडा उशिरा.

•

साडेतीन वाजले. वकील चौथ्यांदा विचारून गेले, की अहवाल टाइप व्हायला एवढा वेळ का.

ओसरीतल्या बाकावर क्रेनवाल्याची बायको तशीच बसली होती. अधिकारीबाई तिच्या शेजारी टेकल्या.

"जेवलात?"

"सासूबाईंनी डबा दिलाय. उघडवत नाही." तिनं पिशवीवरून हात फिरवला. "एक विचारू? ते पिनकडे रोज बघायचे. वर चढून. मी म्हणायचे, लोखंडाकडे काय बघता. तर म्हणायचे, बघून काही कळत नाही गं, ज्यांना कळतं त्यांनी सही केलीय, तिच्यावर विश्वास ठेवायचा." ती थांबली. "मी सासूबाईंना घरी जाऊन काय सांगू, तेवढं सांगा. म्हणजे वाटेत तयारी करते."

अधिकारीबाई उठल्या. त्या आत आल्या. मापाच्या खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी उगाच यंत्रावर हात ठेवला, मधाची बाटली पाहिली, आणि ठोकळ्याची पेटी उघडली.

आतल्या मखमलीवर मधाचा एक जुना, चिकट डाग होता. त्यावर ठोकळा. कडा चकचकीत, तोंड आरशासारखं. फक्त कोरलेले आकडे सकाळी काळपट होते, ते आता तांबूस दिसत होते.

त्यांनी भिंग काढलं. पंचवीसच्या दोनाच्या पोटात, पाचाच्या वळणात गंज धरला होता. सकाळच्या ओल्या फडक्याचा गंज.

अधिकारीबाई खाली बसल्या. मग ठोकळा उचलून तराजूपाशी गेल्या. नोंदवहीतलं एक पान उलटून पाहिलं, आणि काटा बघून डोळे मिटले. क्षणभरच. ओठ हलले, पण शब्द ऐकू आले नाहीत.

"सगळ्यांना बोलवा," त्या नोंदणीबाईंना म्हणाल्या. "आणि कातारीदादांना सांगा, पट्टी घेऊन या."

•

पाचला दहा मिनिटं कमी असताना सगळे जमले. वकील घड्याळ बघत होते. कानसेन दाराशी उभे राहिले, खुर्ची असून.

"यंत्र सकाळपासून कुणी हलवलेलं नाही," अधिकारीबाई म्हणाल्या. "जावईबापू, ही पट्टी मोजा."

"कशासाठी, मॅडम?"

"मोजा."

त्यानं पट्टीची जाडी घेतली, प्रोब ठेवला. आकडा वर चढला, आणखी चढला.

सात हजार दोनशे.

कातारी म्हणाला, "हॅं."

"वकीलसाहेब, पोलादात आवाज किती धावतो, हे सकाळी तुम्हीच मला शिकवत होतात. सात हजार दोनशे धावणारं पोलाद कुठे मिळतं?"

"यंत्र बिघडलं असेल."

"यंत्र चांगलं आहे. त्याला खोटं शिकवलंय." त्यांनी पेटी उघडून टेबलावर ठेवली. "दिवसभर आपण सगळे बंद कपाटाकडे बघत राहिलो. किल्ली कुणाकडे, सील कुणी फोडलं, चकती कुणी बदलली. चकती कुणी बदललीच नाही. ती मंगळवारी बीड होती, आजही बीडच आहे. बदलली ती मोजपट्टी. उघड्या टेबलावरची, जिच्याकडे कुणी बघत नाही ती."

"हा आमचाच ठोकळा आहे," जावई म्हणाला. "आकडे बघा."

"आकडेच बघितले. तुमचा ठोकळा स्टेनलेसचा. सतरा वर्षं रोज ओल्या फडक्यानं पुसला, कधी गंजला नाही. याच्या आकड्यांना चार-साडेचार तासांत गंज आला. कारण वरची चकाकी निकेलच्या मुलाम्याची आहे आणि आत बीड. आकडे मुलाम्यानंतर कोरले, म्हणून तिथे मुलामा कापला गेला. कुणीही आधी कोरून मग मुलामा दिला असता. उलटं कोण करेल? ज्याला मुलामा देणाऱ्याला प्रयोगशाळेचा क्रमांक दिसू द्यायचा नव्हता तोच."

जावयानं पेटीवरून नजर काढली.

"बिडाच्या ठोकळ्यावर यंत्र जुळवलं आणि त्याला सांगितलं, हे स्टेनलेस आहे. मग बिडाची चकती ठेवली की ते बिचारं पोलादच म्हणणार. सकाळी तुम्ही बटण इतकं का फिरवत होता ते मला तेव्हा कळलं नाही. आणि त्या यंत्रावर आज जे जे ठेवलं ते सगळं पळायला लागलं. ही पट्टी पळाली. त्याआधी काच पळाली."

"तरी मी म्हटलं," नोंदणीबाई पुटपुटल्या.

"हा ठोकळा तोलून पाहिला. वहीत लिहिल्यापेक्षा पस्तीस ग्रॅम कमी. मंगळवारी कानसेनांनी ठोकळा मधासकट पेटीत टाकला होता. आज पेटीतून निघाला तो चकचकीत. काल कानसेन नव्हते, मग पुसला कुणी? कुणीच नाही. तो दुसराच होता." त्या जावयाकडे वळल्या. "काल कातारीदादांनी तुम्हाला कागदांवर ठेवायला वजन करून दिलं. तुमच्या कागदांवर मात्र मग आहे. वजन कुठे गेलं?"

"हरवलं."

"ते या पेटीत आहे. आणि खरा ठोकळा तुमच्या खालच्या खणात. मुंग्यांनी मला दुपारीच सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चला, खण उघडू या."

"नको," जावई म्हणाला. त्यानं खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

नोंदणीबाई जाऊन आल्या. फडक्यात गुंडाळलेला ठोकळा त्यांनी आणला तेव्हा त्याच्या आकड्यांमधून मुंग्या धावत होत्या.

"उद्या सुनावणी झाली की परत ठेवणार होतो," जावई म्हणाला. "पुढचं सुचलंच नाही. त्या दिवशी एकच पिन मोजली होती, मॅडम. ती चांगली निघाली. वरचीच उचलली होती. दवाखान्यातून निरोप आला, तर एकाच आकड्यात थोडा थोडा फरक करून चाळीस ओळी भरल्या. उद्या येऊन खरं मोजीन म्हटलं. दुसऱ्या दिवशी आलो तर गाडी पिना घेऊन गेलेली."

"आणि पिन तुटली तेव्हा?"

"तेव्हा मुलगी वर्षाची झाली होती." त्यानं एवढंच म्हटलं.

अधिकारीबाई कानसेनांकडे वळल्या. "तुम्हाला सकाळीच कळलं होतं."

"हातात घेतल्या घेतल्या," कानसेन म्हणाले. आवाज कोरडा होता. "सतरा वर्षं उचलतोय. पोराला कडेवर घेतलं की आईला कळतं आपलं की दुसऱ्याचं, तसं. मागे वळून यांच्याकडे बघितलं, आणि यांनी मान खाली घातली. मग विचारायचं काय राहिलं? त्या दिवशी मीच म्हटलं होतं, जा. माझ्या लेकीचा संसार आहे. मी म्हातारा, माझं नाव गेलं तर गेलं. हिशेब सरळ वाटला."

"त्या बाईंचा नवरा?"

कानसेनांनी क्रेनवाल्याच्या बायकोकडे पाहिलं नाही. पाहवलं नसावं.

"बरं, तेही सोडा," अधिकारीबाई आणखी हळू म्हणाल्या. "पिना चाळीस होत्या. एक तुटली. एकोणचाळीस कुठे आहेत?"

कानसेनांचा हात दाराच्या चौकटीवर गेला.

"या क्षणी," त्या म्हणाल्या, "कुठल्या कुठल्या शेडमध्ये, कुणाकुणाच्या डोक्यावर त्या लटकताहेत. पाच वाजलेत. पाळी सुटायची वेळ. खालून माणसं घरी निघाली असतील."

जावई ताडकन उठला. नोंदवहीच्या मागच्या पानांत पिना कुठे कुठे गेल्या त्याची यादी होती. ती त्यानंच शोधली. नोंदणीबाईंनी एक फोन घेतला, अधिकारीबाईंनी दुसरा. वकील बाहेर जायला निघाले, मग थांबले, आणि स्वतःचा मोबाइल काढून म्हणाले, "खालचे पाच मला द्या."

पुढची चाळीस मिनिटं त्या खोलीत एकच वाक्य ऐकू येत होतं. क्रेन थांबवा. हो, आत्ता. भार असेल तर माणसं लांब करून खाली घ्या. थांबवली? नक्की? यादीवर एकेक रेघ पडत गेली. एका ठिकाणी फोन वाजतच राहिला. जावई तो पुन्हा पुन्हा लावत होता. सातव्यांदा कुणीतरी उचलला. पलीकडे खडखडाट होता. जावई ओरडून बोलला. खडखडाट थांबला. तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसला.

या सगळ्या वेळात कानसेनांनी खरा ठोकळा कोमट पाण्यानं धुतला, कोरडा केला, यंत्र त्यावर जुळवलं आणि चकती ठेवली. सगळ्यांना दिसेल असा पडदा वळवला.

चार हजार सातशे चाळीस.

क्रेनवाल्याची बायको पुढे आली. तिनं आकडा वाचला, पुन्हा वाचला. "हे घरी सांगू?"

"सांगा," कानसेन म्हणाले. "सांगा, पिन बिडाची होती. त्यांनी जास्त काही उचललं नव्हतं." आणि मग, "मला माफ करा असं मी म्हणणार नाही. तेवढं तोंड नाही मला."

तिनं पिशवी खांद्याला लावली आणि ती झपाझप बाहेर पडली. जिन्यावर तिची पावलं पळत गेल्यासारखी वाजली.

सहाला पाच कमी असताना अहवाल तयार झाला. अधिकारीबाईंनी जावयाचं नाव लिहिलं. पेन खाली ठेवणार, तोच कानसेन म्हणाले, "माझंही लिहा."

"तुम्ही ठोकळा बदलला नाहीत."

"सकाळी अकरापासून पाचपर्यंत. सहा तास मला माहीत होतं आणि मी बसून राहिलो. एकोणचाळीस पिनांखाली. लिहा."

त्यांनी लिहिलं.

दारात गाडी आली. शिपायामागून जावई जिना उतरायला निघाला, आणि त्यानं वळून सासऱ्यांकडे पाहिलं. कानसेनांनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते कळलं नाही.

मग ते टेबलाशी आले. त्यांनी फोन उचलला, उजव्या कानाला लावला, आणि पलीकडचा आवाज येईपर्यंत ठोकळ्यावर तळहात ठेवून उभे राहिले.

"हं, मी बोलतोय. छकुली झोपली का? बरं. तू आधी जेवून घे, माझ्यासाठी थांबू नकोस." थोडा वेळ ते ऐकत राहिले. "नाही गं. आज मी एकटाच येतोय."